विद्यापीठाची उंची देवघेवीच्या खिडकीतून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जगातल्या विद्यापीठांच्या क्रमवारीची बातमी आपल्या दैनिकात वाचली. सोबत मोठं कोष्टक होतं. कोण किती पायऱ्या वर चढलं, कोण किती घसरलं, ते बाणांनी दाखवलेलं. ते कोष्टक दोनदा वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे. छापताना काटछाट करावी लागली तर जरूर करा, पण आकाशाच्या रंगाचा प्रसंग तेवढा राहू द्या.

एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी ३३ वर्षं नोकरी केली. पहिली २१ वर्षं देवघेव विभागात, म्हणजे पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर, आणि पुढची १२ संदर्भ विभागात. मी कधी वर्गात शिकवलं नाही, की माझ्या नावावर एखादा शोधनिबंध नाही. पण त्या खिडकीतून विद्यापीठ जसं दिसतं तसं ते कुलगुरूंच्या दालनातूनही दिसत नसेल, असं माझं मत आहे. कुणी काय वाचायला नेलं, किती दिवसांनी परत आणलं, कुठल्या पानापर्यंत समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत आणि कुठून पुढे पानं कोरी आहेत, कुठल्या विभागाचे अध्यापक वर्षभर फिरकलेच नाहीत, हे सगळं आमच्या हातांखालून जातं.

माझ्या नोकरीच्या नवव्या वर्षातली गोष्ट. दुपारी तीनच्या सुमाराला पदार्थविज्ञानाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक खिडकीशी आले. सोबत पहिल्या वर्षाची एक मुलगी होती. हातात वही, चेहरा कावराबावरा, जणू काही चुकल्याबद्दल तिला धरून आणलं होतं. सर म्हणाले, "ताई, हिने आज मला वर्गात अडवलं. उत्तर शोधायचंय. प्रकाशशास्त्राच्या कपाटापाशी आम्हा दोघांना आत सोडाल का?"

तेव्हा विद्यार्थ्यांना कपाटांपर्यंत जायची मुभा नव्हती. चिठ्ठी लिहून द्यायची, शिपाई पुस्तक आणून देणार, अशी पद्धत होती. ग्रंथपालांना विचारून मी दोघांना आत सोडलं.

तिचा प्रश्न मला नंतर कळला. सरांनी शिकवलं होतं की सूर्याचा प्रकाश हवेतल्या रेणूंमुळे विखुरतो, आणि तरंगलांबी जितकी कमी तितका तो जास्त विखुरतो. हा फरकही थोडाथोडका नसतो. तरंगलांबी निम्मी झाली तर विखुरणं सोळापट वाढतं. म्हणून निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त पसरतो आणि आकाश निळं दिसतं. तिने उभं राहून विचारलं होतं, "सर, जांभळ्याची तरंगलांबी तर निळ्याहूनही कमी आहे. मग आकाश जांभळं का नाही?"

हे अभ्यासक्रमात नाही, एवढं म्हटलं असतं तरी विषय तिथेच मिटला असता. सर भर वर्गात म्हणाले होते, "मला नक्की सांगता येणार नाही. दुपारी ग्रंथालयात ये, बघू."

त्या दिवशी टेबलावर तीन पुस्तकं आली. पहिलं प्रकाशशास्त्राचं. त्यातलं गणित पाहिलं तर मुलीचं म्हणणं बरोबरच होतं, जांभळा जास्त विखुरतो. दुसरं सूर्याच्या वर्णपटावरचं. त्यात सापडलं की सूर्याकडून येणाऱ्या प्रकाशातच जांभळा निळ्याच्या मानाने कमी असतो आणि त्यातलाही काही भाग वातावरणाच्या वरच्या थरात शोषला जातो. तरी हिशोब पुरा लागेना. सर बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. मग उठून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "डोळ्यावरचं काही आहे का आपल्याकडे? डोळा रंग कसा ओळखतो, त्यावरचं?"

आमच्याकडे नव्हतं. मी तालिकेचे खण उघडून पाहिले. एक पुस्तक मानसशास्त्र विभागाच्या ग्रंथालयात असल्याची नोंद होती. फोन केला. तिथल्या बाईंनी वीस मिनिटांत शिपायाबरोबर ते पाठवून दिलं. त्यात उत्तराचा राहिलेला तुकडा होता. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात आणि जांभळ्या टोकाकडे डोळ्याची संवेदना फार उतरते. आकाशातून येणाऱ्या मिश्र प्रकाशावर त्या तीन प्रकारच्या पेशी मिळून जो कौल देतात, तो निळ्याचा. आकाशाच्या रंगाचं उत्तर पुरं करायला बघणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत यावं लागलं.

ग्रंथालय सहाला बंद व्हायचं. सव्वासहाला मी दिवे मालवायला गेले तेव्हा दोघं अजून पुस्तकात डोकं घालून बसलेले होते. सर मला म्हणाले, "तीस वर्षं हे शिकवतोय. कुणी विचारलंच नव्हतं." त्यांच्या बोलण्यात खंत नव्हती. ते खरोखर आनंदले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तासाची सुरुवात त्या मुलीचं नाव घेऊन केली. हे तिनेच पुस्तक परत करताना मला सांगितलं, तेव्हा ती कावरीबावरी राहिलेली नव्हती.

संपादक महोदय, उत्तम विद्यापीठ म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर मी ही दुपार सांगते. शिकवणाऱ्याला "मला माहीत नाही" असं म्हणता आलं, आणि ते म्हटल्यानंतर शोधायला त्याच्यापाशी एक मोकळी दुपार होती. पदार्थविज्ञानाचा प्रश्न मानसशास्त्राच्या कपाटात जाऊन सुटला, कारण दोन्ही कपाटं एकाच आवारात होती आणि दोन्हीकडे फोन उचलणारं माणूस होतं. निरनिराळे विषय एका छपराखाली का ठेवायचे, याचं याहून चांगलं कारण मला अजून सापडलेलं नाही.

आता हीच दुपार आपल्या कोष्टकात शोधून पाहा. शांघायच्या जिआओ तोंग विद्यापीठाने २००३ मध्ये जागतिक यादी काढायला सुरुवात केली. तिच्या १०० गुणांपैकी ३० गुण नोबेल पारितोषिक आणि गणितातलं फील्ड्स पदक यांचे आहेत. त्यातले २० तिथल्या अध्यापकांना मिळालेल्या पारितोषिकांचे, १० माजी विद्यार्थ्यांना मिळालेल्यांचे. ज्यांच्या लेखनाचे सर्वांत जास्त दाखले दिले जातात अशा संशोधकांच्या संख्येला २०, 'नेचर' आणि 'सायन्स' या दोन नियतकालिकांतल्या लेखांना २०, एकूण शोधनिबंधांना २०, आणि हेच आकडे माणशी भागून येतील त्याला १०. यात शिकवण्याचा संबंध येतो तो फक्त माजी विद्यार्थ्यांच्या १० गुणांत, तोही विद्यार्थ्याने पुढे नोबेल किंवा फील्ड्स पदक मिळवलं तर. क्यूएस नावाची दुसरी प्रसिद्ध यादी आहे. तिच्यात २०२३ पर्यंत ४० टक्के आणि त्यानंतर ३० टक्के भार जगभरच्या अध्यापकांना विचारलेल्या मतांवर, म्हणजे नावलौकिकावर. ज्याचं नाव आधीच सर्वांच्या तोंडी आहे त्याचंच नाव पुन्हा सर्वांच्या तोंडी येतं.

यादी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. मोजता येतं ते त्यांनी मोजलं. आम्हीही दर मार्चअखेर वर्षभराच्या देवघेवीचा आकडा काढत होतो आणि तो वार्षिक अहवालात ठळक अक्षरांत छापून येत असे. माझ्या काळातला सर्वांत मोठा आकडा ज्या वर्षाचा, त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला होता आणि सगळी मुलं एकाच मार्गदर्शिकेच्या प्रती आळीपाळीने नेत होती. सात दिवसांत परत, पुन्हा सात दिवसांसाठी दुसऱ्याकडे. आकडा फुगला, आणि त्याच वर्षी संदर्भ विभागात येऊन बसणारी मुलं कमी झाली. त्या दुपारचा आकडा मात्र तीन पुस्तकं एवढाच होता.

मोजणीसाठीच वागायची सवय लागली की ती कुठवर जाते, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ तिथल्या एका प्रसिद्ध यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं होतं. २०२२ मध्ये त्याच विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी आपल्या संस्थेने यादीसाठी पाठवलेली माहिती तपासली आणि ती जुळत नाही असं जाहीरपणे लिहिलं. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेले वर्ग ८२.५ टक्के आहेत असं कळवलेलं होतं. पुढे विद्यापीठाने स्वतः दिलेल्या माहितीत ते प्रमाण ५७ टक्क्यांच्या आसपास निघालं. त्या वर्षी कोलंबिया १८ व्या क्रमांकावर आलं. बातम्यांमध्ये घसरणीची चर्चा झाली. मला मात्र वाटतं, ज्या विद्यापीठातला प्राध्यापक आपल्याच संस्थेचे आकडे चुकीचे आहेत असं सही करून लिहू शकतो आणि तरीही दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गावर जाऊ शकतो, त्या विद्यापीठाचा खरा कस त्या दिवशी दिसला. या गोष्टीला एकाही यादीत गुण नाहीत. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाने २०२३ मध्ये आणि स्वित्झर्लंडमधल्या झुरिक विद्यापीठाने २०२४ मध्ये अशा एका मोठ्या यादीला माहिती देणंच थांबवलं. आपल्या बातमीत याचा उल्लेख असता तर बरं झालं असतं.

आमच्याकडचं सांगते. यात माझाही हात होता, हे आधी कबूल करते. मूल्यांकन समिती येणार म्हणून दोन महिने ग्रंथालयाला रंग चालला होता. अभ्यासिकेच्या हजेरीची नोंदवही आम्ही कधी नीट ठेवली नव्हती, म्हणून मागच्या सहा महिन्यांच्या सह्या आठवडाभरात भरायच्या असं ठरलं. आम्ही चौघांनी चार वेगवेगळ्या रंगांच्या शाईने त्या भरल्या. समितीच्या दिवशी वर्ग सोडून मुलांना अभ्यासिकेत आणून बसवलं. समितीतले एक वयस्कर गृहस्थ नोंदवहीकडे गेलेच नाहीत. ते सरळ इतिहासाच्या कपाटापाशी गेले, एक जाड पुस्तक उपसलं आणि शेवटचं पान उघडलं. तिथे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. शेवटचा शिक्का सात वर्षांपूर्वीचा होता. त्यांनी शेजारचं पुस्तक काढलं. त्याची चिठ्ठी कोरी होती. दोन्ही पुस्तकं त्यांनी जागच्या जागी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत. आम्हाला वरची श्रेणी मिळाली. आवारात मोठा फलक लागला. मी रोज त्या फलकाखालून आत जात होते आणि मला त्या कोऱ्या चिठ्ठीची लाज वाटत होती. ती लाज अजून गेलेली नाही.

नव्या रंगाचं मला वावडं नाही, पण तेवढ्याच पैशात आणि तेवढ्याच माणसांत दोन महिने ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवता आलं असतं. वसतिगृहातली मुलं खिडकीवर येऊन तेच मागत होती.

संदर्भ विभागात प्रबंधांचं कपाट माझ्या ताब्यात होतं. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं, मागे शेकडो पानं. त्यातले बरेचसे प्रबंध तोंडी परीक्षेनंतर कुणी उघडले नाहीत. पण रसायनशास्त्राचा एक प्रबंध होता, त्याची बांधणी वापरून वापरून सैल झाली आणि दोनदा पुन्हा शिवावी लागली. तो ज्याचा होता त्या मुलाला मी रोज बघत होते. चार वर्षं काम केलं आणि प्रबंध टंकलिखित करायच्या महिन्यात त्याच्या लक्षात आलं की एका प्रकरणातली सगळी निरीक्षणं चुकली आहेत. ज्या नमुन्याशी तो तुलना करत होता, तो नमुनाच शुद्ध नव्हता. दोन दिवस तो नुसता खिडकीबाहेर बघत बसला होता. त्याच्या मार्गदर्शक बाई स्वतः संदर्भ विभागात आल्या, त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "प्रकरण काढू नकोस. काय चुकलं, कसं कळलं, कळायला एवढा वेळ का लागला, ते सगळं लिही." त्याला सहा महिने जास्त लागले. त्याच्यानंतरची मुलं तो प्रबंध मागायला यायची तेव्हा नाव सांगायची नाहीत. "ते चुकीचं प्रकरण आहे ना, तो प्रबंध द्या," म्हणायची.

मला या प्रसंगावरून गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांची गोष्ट आठवते. फर्माच्या साडेतीनशे वर्षांच्या जुन्या प्रमेयावर त्यांनी १९८६ पासून सात वर्षं जवळजवळ गुपचूप काम केलं. या काळात प्रिन्स्टन विद्यापीठाने त्यांचा पगार थांबवला नाही, की वर्षाला अमुक इतके निबंध दाखव असं म्हणून त्यांना घालवून दिलं नाही. जून १९९३ मध्ये केंब्रिजमध्ये त्यांनी सिद्धता जाहीर केली आणि जगभर गाजावाजा झाला. मग हस्तलिखिताची ओळन् ओळ तपासताना त्यांचेच प्रिन्स्टनमधले सहकारी निक कॅट्झ यांनी एक जागा पकडली. तिथे खरोखरच भगदाड होतं. इतक्या मोठ्या माणसाची इतकी मोठी चूक त्याच्या शेजारच्या माणसाने दाखवली, आणि त्यावरून वैर झालं नाही. वाइल्स यांनी मदतीला बोलावलं ते आपल्याच जुन्या विद्यार्थ्याला, रिचर्ड टेलर यांना. गुरू अडला होता आणि शिष्य सोबतीला आला. सप्टेंबर १९९४ मध्ये वाट सापडली, १९९५ मध्ये सिद्धता छापून आली, आणि सोबतच्या दुसऱ्या निबंधावर दोघांची नावं होती. क्रमवारीला शेवटचा निकाल दिसतो. त्याआधीचं वर्षभराचं अडकलेपण आणि त्यात मिळालेली सोबत तिला दिसत नाही.

उलटी बाजूही आहे, आणि ती एका नामांकित विद्यापीठातली आहे. कातालिन कारिको पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमआरएनएवर, म्हणजे पेशीला प्रथिनं बनवण्याचा निरोप पोचवणाऱ्या रेणूवर, काम करत होत्या. अनुदान मिळत नव्हतं, निकाल लांब होते. १९९५ मध्ये त्यांना खालच्या पदावर आणण्यात आलं. त्या तिथेच राहिल्या. पुढे ड्रू वाइसमन नावाचे रोगप्रतिकारशास्त्रज्ञ त्याच विद्यापीठात आले आणि दोघांची ओळख झाली ती झेरॉक्स मशिनपाशी. दोघंही नियतकालिकांतले लेख काढून घ्यायला येत. त्या ओळखीतून २००५ चा निबंध आला, त्यावर पुढे कोविडच्या एमआरएनए लसी उभ्या राहिल्या आणि २०२३ चं नोबेल दोघांना मिळालं. त्या नोबेलचे गुण आता यादीत पेनसिल्व्हेनियाच्या खात्यावर जमा होतील. पण १९९५ मध्ये ज्या मोजमापाने या बाई कमी भरल्या, ते मोजमापही पैसे आणि निबंध मोजणारंच होतं. मी ग्रंथालयातली, म्हणून त्या झेरॉक्स मशिनचं मला विशेष वाटतं. जिथे दोन विभागांची माणसं रांगेत शेजारी उभी राहतात अशा जागा विद्यापीठात जपल्या पाहिजेत. आमच्याकडे जागेची अडचण म्हणून नियतकालिकांची बैठक बंद झाली आणि लेख ज्याला त्याला आपापल्या पडद्यावर मिळू लागले. सोय झाली, हे खरंच आहे. पण त्यानंतर गणिताचे सर आणि अर्थशास्त्राच्या बाई बोलत उभ्या आहेत असं दृश्य मला दिसलं नाही.

पीटर हिग्ज यांचं उदाहरण तर आता बहुतेकांना माहीत असेल. 'हिग्ज बोसॉन' या मूलकणाचं भाकीत करणाऱ्या १९६४ च्या कामानंतर त्यांनी दहापेक्षाही कमी निबंध लिहिले, आणि आजच्या काळात आपल्याला विद्यापीठात नोकरी मिळाली नसती असं ते २०१३ मध्ये, नोबेल मिळालं त्याच वर्षी, म्हणाले होते.

विद्यापीठाला पैसा लागतो, हे मी नाकारत नाही. नियतकालिकांची वर्गणी कापली गेली ते वर्ष मी पाहिलं आहे. यादीत नावं खोडली गेली आणि दोन वर्षांत एका विभागाचं संशोधन आटलं. तिथले तरुण अध्यापक दुसरीकडे निघून गेले. प्रयोगशाळेत उपकरण नसेल तर नुसत्या जिज्ञासेने निरीक्षणं येत नाहीत. पण पैसा आणि नावलौकिक दोन्ही असून विद्यापीठ किती लवकर मोडतं, तेही इतिहासात आहे. बर्लिनचं विद्यापीठ १८१० मध्ये सुरू झालं. ते स्थापन करणारे विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांची कल्पना अशी की शिकवणं आणि संशोधन वेगळं करायचं नाही, शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनीही न सुटलेल्या प्रश्नापुढे बसायचं. जगातल्या कितीतरी विद्यापीठांनी हाच नमुना उचलला. त्याच विद्यापीठासमोरच्या चौकात, नाझी सत्तेवर आल्यावर, १० मे १९३३ च्या रात्री वीस हजारांवर पुस्तकं जाळली गेली, आणि जाळणाऱ्यांत विद्यार्थी पुढे होते. त्याच वर्षी जर्मनीतल्याच ग्यॉटिंगेन विद्यापीठातून एमी नोएथर, माक्स बॉर्न, रिखार्ड कूरांट या गणित आणि पदार्थविज्ञानातल्या मोठ्या माणसांना ज्यू म्हणून काढण्यात आलं. गणितात जगात पहिलं म्हणावं असं ते ठिकाण काही महिन्यांत रिकामं झालं. इमारती तिथेच होत्या, प्रयोगशाळा आणि ग्रंथालयंही जागच्या जागी होती.

बर्लिनच्या त्या चौकात आता जमिनीत एक काच बसवलेली आहे. काचेखाली पांढरी रिकामी कपाटं आहेत, वीस हजार पुस्तकं मावतील एवढी. मी ती फक्त छायाचित्रात पाहिली आहेत. आयुष्यभर पुस्तकं लावणाऱ्या बाईला रिकामं कपाट बघणं फार जड जातं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. खिडकीवरच्या माझ्या शेवटच्या काही वर्षांत येणारे बरेचसे अध्यापक तासिका तत्त्वावरचे होते. सकाळी आमच्याकडे दोन तास, दुपारी दुसरीकडे दोन, संध्याकाळी तिसरीकडे. त्यांच्यातले कितीतरी अतिशय हुशार होते. एक तरुण सर तर उभ्या उभ्याच पुस्तक चाळायचे, कारण पुढची गाडी चुकली की पुढचा तास बुडणार. एकदा त्यांच्या मागोमाग एक विद्यार्थी प्रश्न घेऊन खिडकीपर्यंत आला. सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "पुढच्या मंगळवारी विचार." मुलगा बरं म्हणून गेला. मंगळवारी तो आला नाही. मी लक्ष ठेवून होते. त्या सरांना मी कसा दोष देऊ? त्यांना विद्यापीठात बसायला खुर्ची नव्हती. त्यांच्याकडून उत्तर लगेच मिळालं नाही याचं दुःख नाही. त्यांना "मला माहीत नाही, दुपारी ये" म्हणता आलं नाही, कारण त्यांच्याजवळ दुपारच नव्हती, याचं दुःख आहे. कायम अध्यापक किती आणि तासावर येणारे किती, एवढा एक आकडा जरी प्रत्येक विद्यापीठाने दारावर लावला, तरी पालकांना क्रमवारीपेक्षा जास्त कळेल.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. पुढच्या वर्षी क्रमवारीचं कोष्टक जरूर छापा, पण त्याआधी आपल्या वार्ताहराला एखाद्या विद्यापीठात पाठवा. आधी कळवून पाठवू नका. परीक्षेचे दिवस टाळा, कारण तेव्हा सगळीच ग्रंथालयं भरलेली असतात. मधल्या एखाद्या साध्या आठवड्यात, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, त्यांना देवघेवीच्या खिडकीशी तासभर उभं राहायला सांगा. कोण येतं, काय मागतं, शिक्षकांपैकी कुणी येतं का, आलेच तर एकटे येतात की सोबत कुणी मूल असतं, ते टिपून घ्यायला सांगा. जाताना इतिहासाच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या कपाटातली हाताला येतील ती दहा पुस्तकं काढून शेवटच्या पानावरच्या तारखा बघायला सांगा. चिठ्ठीऐवजी संगणकावर नोंद असेल, तर खिडकीवरच्या बाईंना विचारावं. त्या नक्की सांगतील.

आपली,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी